भिंतीवर नाव नाही, नुसता आकडा

कैदी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात नगरचा भुईकोट किल्ला आणि पंडित नेहरू आठवतात. त्याही आधी, पहिल्या महायुद्धात, नगरला जर्मन कैद्यांची छावणी होती. त्याच युद्धात आपल्या महाराष्ट्रातली माणसं दूर इराकात कैदी झाली. आज आम्ही त्यांच्याबद्दल सांगणार आहोत.

इंग्रजांच्या फौजेतल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी टायग्रिस नदीकाठच्या कुत गावात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ला तुर्की सैन्याचा वेढा पडला. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली. १४४ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला, सुमारे १३ हजार जणांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यात बहुतेक हिंदी होते. उपाशी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीतरी जण वाटेत नाहीतर छावणीत गेले.

तुर्कांनी अनातोलियात पुरलेल्या कैद्यांच्या कबरी युद्धानंतर बगदादच्या युद्ध कबरस्तानात आणल्या. इराकच्या लढाईत गेलेल्या आणि कबरीचा पत्ता नसलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीखाली नुसता आकडा लिहिला. स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने अशा भेदभावाबद्दल २०२१मध्ये माफी मागितली.

इकडे घरच्या बाईला ना माती मिळाली, ना कबर. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात कामी आले. अनेक गावांत असे दगड आहेत. तिथेही किती गेले आणि किती मेले, एवढंच लिहिलेलं असतं.

पण नावं कागदावर आहेत. कमिशनच्या वेबसाइटवर ती फुकट शोधता येतात. घरात त्या युद्धाचं जुनं पदक असेल तर त्याची कड नीट पाहा. तिथे शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर शोधायला सांगा. इंग्रजीत एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहावं लागतं.

पुढच्या बैठकीत गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, कोणाच्या घरातून कोण गेलं होतं. जे नाव कळेल ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.