बाइक सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात सकाळी स्टार्टरचे बटण दाबावे, तर नुसता ‘टक टक’ आवाज येतो. अनेक जण थेट नवी बॅटरी घेतात. मात्र दोष अनेकदा बॅटरीत नसून तिच्या सैल किंवा गंजलेल्या टर्मिनलमध्ये असतो. तो घरीच दूर करता येतो.

बॅटरी इतकी महत्त्वाची का?
१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो. २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यानंतर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले. त्याचा पंप विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली, तर अशी गाडी धक्का मारूनही सुरू होणे कठीण असते.

टर्मिनल कसे साफ करावे?
इग्निशन बंद करून आधी निगेटिव्ह (-) वायर सोडवावी, मग पॉझिटिव्ह (+). गाडीची चासी निगेटिव्हला जोडलेली असते. क्रम चुकला आणि पाना चासीला लागला, तर शॉर्टसर्किट होते. पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासावा. कोरडे पुसून उलट क्रमाने वायर घट्ट जोडाव्यात आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

बॅटरी चांगली आहे का?
साध्या मल्टिमीटरने कळते. काही तास बंद असलेल्या गाडीची चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट किंवा त्याहून थोडे जास्त दाखवते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वाढलाच नाही, तर दोष चार्जिंगमध्ये असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरीही उतरेल. आधी मेकॅनिकला दाखवावे.

फ्यूज उडाल्यास काय करावे?
तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. त्याजागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही लावू नये. वायरिंग वाचावे म्हणून फ्यूज वितळतो. तो वितळला नाही, तर वायर तापते आणि पेट्रोलची टाकी तिथून जवळच असते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. गाडी थेट गॅरेजमध्ये न्यावी.

हेही लक्षात ठेवा
जादा हॉर्न किंवा लाइट रिलेशिवाय जोडू नयेत. धुताना स्विच आणि कनेक्टरवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.