कॅमेऱ्याच्या साक्षीने कार्कासॉन

प्रवासाला निघालेला माणूस एक वेळ पांघरूण विसरेल, पण कॅमेरा विसरणार नाही. प्रवास आणि छायाचित्र यांची ही सोयरीक जुळली ती प्रामुख्याने फ्रान्समध्ये. कॅमेऱ्याने टिपलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्र नीसेफोर न्येप्स याने १८२६-२७ च्या सुमारास घेतले. त्यात दिसतात त्याच्या गावच्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे! त्यासाठी धातूचा पत्रा कित्येक तास उजेडात ठेवावा लागला होता.

पुढे १८५१ मध्ये फ्रेंच सरकारच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशभर धाडले. जुने किल्ले, चर्चे, मठ यांची अवस्था टिपावी आणि त्यावरून दुरुस्तीचे ठरवावे, हा हेतू. त्यांपैकी गुस्ताव्ह ल ग्रे याने मेण लावलेल्या कागदाची पद्धत काढली होती. हा कागद आधीच तयार करून नेता येत असल्याने प्रवाशाची मोठी सोय झाली. ल ग्रे आणि त्याचा सोबती मेस्त्राल दक्षिणेतील कार्कासॉनला पोहोचले, तेव्हा तेथील दुहेरी तटबंदी मोडकळीस आली होती.

१८५३ पासून व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने तिचा जीर्णोद्धार आरंभिला. त्याने कित्येक बुरुजांवर पाटीच्या दगडाची टोकदार छपरे चढवली. अशी छपरे उत्तरेकडची, दक्षिणेत ती शोभत नाहीत, अशी टीका पुष्कळ झाली. आज मात्र ओद नदीवरील जुन्या पुलावरून संध्याकाळी प्रवासी हौसेने टिपतात ती हीच छपरे! १९९७ मध्ये हे नगर जागतिक वारशाच्या यादीत आले.

मग खरे कार्कासॉन कोणते? जीर्णोद्धार झाला नसता, तर कदाचित पाहायला काही उरलेच नसते. आणि १८५१ ची छायाचित्रे नसती, तर आधी काय होते हे इतक्या नेमकेपणाने कळले नसते. सौंदर्य वास्तुविशारदाने राखले, साक्ष कॅमेऱ्याने.

मित्रहो, सहलीचे छायाचित्र केवळ 'मी तेथे होतो' एवढेच सांगण्यासाठी नसते. पडकी भिंत, साधे घर, गल्लीतले दुकान हेही टिपावे आणि मागे तारीख व स्थळ लिहून ठेवावे. आज क्षुल्लक वाटणारे ते चित्र उद्या एखाद्या गावाचा एकमेव पुरावा ठरेल.