विश्लेषण : विद्यापीठाच्या अर्थसंकल्पात गोंदियाच्या प्राध्यापकांचा आवाज किती?

संशोधन करा, शोधनिबंध लिहा, प्रकल्प आणा, असे प्राध्यापकांना सतत सांगितले जाते. पण त्यासाठीचा पैसा कुठे आणि किती ठेवायचा, हे ठरवताना त्यांना किती विचारले जाते? गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा अर्थसंकल्प मंजूर होतो नागपुरात, गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटरवर. कायदा शिक्षकांना या प्रक्रियेत जागा देतो. ती किती आणि कुठे, हे समजून घेऊ.

प्राध्यापकांचे काम मोजतात कसे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला किमान १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. पदोन्नतीसाठी तासांची टक्केवारी, परीक्षेची कामे, उपक्रम आणि संशोधन पाहिले जाते. प्राध्यापकपदापर्यंत जायचे तर पीएच.डी. आणि शोधनिबंध लागतातच. नॅकच्या मूल्यांकनातही संशोधनाला गुण आहेत.

हे निकष नागपूरच्या मोठ्या महाविद्यालयाला आणि देवरी-सालेकसातल्या छोट्या महाविद्यालयाला सारखेच. प्रयोगशाळा, ग्रंथालय, प्रवासखर्च मात्र सगळीकडे सारखे नाहीत. गोंदियात संशोधनासाठी विषयांची कमतरता नाही. धान, मामा तलाव, सारस पक्षी हे सगळे दाराशीच आहे. या कामांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती वेळेवर मिळणारी छोटी रक्कम.

पगार विद्यापीठ देते का?

नाही. अनुदानित महाविद्यालयातील मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन राज्य सरकार उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयामार्फत देते. विद्यापीठाचे स्वतःचे उत्पन्न प्रामुख्याने परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या इतर शुल्कांतून येते. त्यातून परीक्षा, विद्यापीठाचे विभाग, विद्यार्थी कल्याण, संशोधन साहाय्य यांवर खर्च होतो. म्हणजे आमगाव किंवा तिरोड्याच्या विद्यार्थ्याने भरलेले शुल्कही याच तिजोरीत जाते. त्यातला किती वाटा त्याच्या महाविद्यालयापर्यंत परत येतो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

अर्थसंकल्प तयार कसा होतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. विद्यापीठाचा वित्त विभाग अंदाजपत्रक तयार करतो. ते वित्त व लेखा समितीपुढे, मग व्यवस्थापन परिषदेपुढे आणि शेवटी अधिसभेपुढे येते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक साधारणपणे मार्चमध्ये होते.

अधिसभेत संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांमधून १० सदस्य निवडून जातात. प्राचार्य, संस्थाचालक, नोंदणीकृत पदवीधर आणि विद्यापीठातील शिक्षक यांचे प्रतिनिधी वेगळे. व्यवस्थापन परिषदेतही शिक्षकांचे प्रतिनिधी असतात.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण संख्येची. या १० जागा नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांसाठी मिळून आहेत. त्यात सामाजिक प्रवर्ग व महिलांसाठी आरक्षण आहे, जिल्ह्यांसाठी नाही. शिक्षकांची संख्या नागपुरात जास्त, त्यामुळे मतांचे वजनही तिकडेच.

दुसरी अडचण वेळेची. अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो तेव्हा कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम, हे जवळपास ठरलेले असते. सदस्य प्रश्न विचारू शकतात, सूचना देऊ शकतात. पण मार्चच्या एका बैठकीत प्राधान्यक्रम बदलणे कठीण. आवाज उपयोगी पडायचा तर तो अंदाजपत्रक तयार होत असतानाच पोहोचला पाहिजे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. कायद्यातील ‘शिक्षक’ या शब्दाच्या व्याख्येत पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकच बसतात. पदभरती रखडल्याने अनेक महाविद्यालयांत वर्ग चालतात ते तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या जोरावर. शिकवण्याचा भार त्यांच्यावर, पण शिक्षक मतदारसंघात त्यांना मत नाही.

जवळचा दरवाजा कोणता?

चर्चा अधिसभेची जास्त होते. पण याच कायद्याच्या कलम ९७ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक त्यावर असतात, त्यांपैकी किमान एक महिला. एक विभागप्रमुख, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारीही असतात. वर्षातून किमान चार बैठका अपेक्षित आहेत. महाविद्यालयाचे वार्षिक अंदाजपत्रक तयार करून मंजुरीसाठी व्यवस्थापनाकडे शिफारस करणे, हे या समितीचे काम आहे.

म्हणजे प्रयोगशाळेची रसायने, नियतकालिकांची वर्गणी, सारस गणनेसाठीचा प्रवासखर्च हे मुद्दे नागपूरला जाण्याआधी गावातच मांडता येतात. त्यासाठी समिती कागदावर न राहता शिक्षकांनी खरोखर निवडलेली असावी लागते. अंतिम मंजुरी व्यवस्थापनाची असली, तरी शिफारस इतिवृत्तात नोंदली की ती डावलताना कारण द्यावे लागते किंवा किमान प्रश्न तरी उभा राहतो.

जगात काय मानले जाते?

उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी युनेस्कोने १९९७ मध्ये शिफारस स्वीकारली. अभ्यासक्रम आणि संशोधनाबरोबरच साधनसंपत्तीच्या वाटपाचे निर्णयही सामूहिक चर्चेतून व्हावेत, असे त्यात म्हटले आहे. कारण साधे आहे. कोणत्या खर्चातून शिकवणे सुधारेल, हे रोज वर्गात उभा राहणाऱ्याला चांगले कळते.

पुढे काय करता येईल?

विकास समितीने डिसेंबरपूर्वीच विभागांकडून गरजा लेखी मागवाव्यात. त्यात तासिका तत्त्वावरील शिक्षकांचेही म्हणणे घ्यावे. मत नसले तरी म्हणणे ऐकायला कायदा आड येत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एकत्रित मागणी करून ती अधिसभा सदस्यांकडे मार्चच्या आधी पोहोचवावी. उत्पादकतेचा हिशेब शिक्षकांकडून मागायचा असेल, तर खर्चाच्या हिशेबात त्यांना आधीपासून बसवावे लागेल.