दार बंद झाल्यानंतरचा अर्धा तास

सकाळी साडेनवाला कुलूप लागतं आणि दहाच्या आत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार येते, अमुक फ्लॅटमधलं कुत्रं पुन्हा ओरडतंय. संध्याकाळी सातला घरी आलेल्या मालकानं यातलं काही ऐकलेलं नसतं. त्याला दिसते ती दाराच्या चौकटीची सोललेली कड, हॉलमध्ये केलेली शू आणि कान पाडून कोपऱ्यात बसलेला लॅब्रेडोर. ‘बघ, कळतंय त्याला काय केलंय ते,’ म्हणत घरातलं कुणीतरी त्याच्यावर डाफरतं. एकटं ठेवलं म्हणून कुत्र्यानं राग काढला, हा समज घरोघरी पक्का आहे. तो चुकीचा आहे आणि त्याची शिक्षा मुक्या जनावराला भोगावी लागते.

त्या पाडलेल्या कानांवर अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जाई की कुत्र्यानं ऐकलं किंवा ऐकलं नाही. पण हे सांगणं दर वेळी खरं नसे. त्यामुळे काही कुत्र्यांना विनाकारण बोलणी बसली. अपराधी चेहरा दिसला तो बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा, मग त्यांनी खाऊ खाल्लेला असो वा नसो. किंबहुना काहीच न केलेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तो जास्त ठळक होता. म्हणजे आपण ज्याला कबुली समजतो ती समोरच्या चढलेल्या आवाजाची भीती असते. सकाळी दहाला फाडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी सातला रागावलं, तर कुत्रं इतकंच शिकतं की मालक घरी येणं ही घाबरण्याची गोष्ट आहे. आधीच एकटेपणानं धास्तावलेल्या जिवाला आता परतीचीही धास्ती.

मग त्या घरात दिवसभर नेमकं घडतं काय? हे पाहायला घरातला जुना मोबाइल पुरेसा आहे. तो फडताळावर उभा करा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि रोजच्यासारखे निघून जा. ज्या कुत्र्याला एकटेपणा सोसत नाही, त्याचा त्रास बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. ते दाराशी येरझाऱ्या घालतं, धापा टाकतं, लाळ गाळतं, केकाटतं, बाहेर पडायच्या वाटा ओरबाडतं. आवडीचा खाऊ समोर असला तरी त्याला तोंड लावत नाही. कंटाळलेल्या कुत्र्याचं चित्र वेगळं असतं. ते खाऊ फस्त करतं, झोपतं आणि दुपारी उठून एखादी चप्पल चघळत बसतं. दोन्ही घरांत संध्याकाळी पसारा सारखाच दिसेल, पण एकाला जास्त व्यायाम आणि करमणूक हवी, तर दुसऱ्याला उपचार. हा फरक न ओळखता शेजाऱ्यांच्या तक्रारीपायी भुंकणं बंद करणारा पट्टा विकत आणणं हे मला क्रूर वाटतं. भीती तशीच राहते, फक्त तिचा आवाज जातो.

तासांचा प्रश्न त्यानंतर येतो. स्वीडनमध्ये तेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ साली घरगुती कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं. दोन तासांनंतर मालकाचं स्वागत अर्ध्या तासानंतरच्या स्वागतापेक्षा खूपच जोरात झालं. दोन आणि चार तासांत मात्र तसा फरक दिसला नाही. काळ लांबल्याचं कुत्र्याला काहीतरी जाणवतं, एवढं यातून दिसतं. पण चार तास चालले म्हणजे दहाही चालतील, असा अर्थ काढायला हा अभ्यास तिथवर गेलेलाच नाही.

दुपारचा वेळ त्यातल्या त्यात कुत्र्याच्या सोयीचा, ही दिलाशाची बाब. गल्लीतली मोकळी कुत्री पाहिलीत तर त्यांचा दिवस कळतो. पहाटे धावपळ, ऊन चढलं की उभ्या रिक्षाखाली ताणून देणं, सांज झाली की पुन्हा फेरी. मोठं कुत्रं दिवसाचा निम्मा वेळ किंवा त्याहूनही जास्त झोपेत काढतं. म्हणून ऑफिसची वेळ त्याच्या दिवसात बसू शकते, पण दोन्ही टोकांना त्याचा वाटा मिळाला तरच. शी-शू उरकायला पार्किंगमध्ये मारलेली दहा मिनिटांची चक्कर हा वाटा नाही. पट्टा सैल सोडून, झाडाच्या बुंध्यापासून विजेच्या खांबापर्यंत हवं तिथे हुंगू देत केलेला पाऊण तासाचा फेरफटका कुत्र्याला खरा थकवतो. त्याच्यासाठी हुंगणं हेच जग वाचणं असतं आणि आपण मात्र मोबाइलवर बोलत त्याला पुढे ओढत राहतो.

झोपेनं सुटत नाही ते लघवीचं गणित. पिल्लाला जितके महिने झाले तितके तास, फार तर एखादा तास अधिक, असा ढोबळ हिशेब आहे. मोठ्या कुत्र्यालाही सहा-आठ तासांपलीकडे रोज ताटकळत ठेवणं बरं नव्हे. स्वीडनच्या नियमांनुसार कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर न्यावं लागतं. आपल्याकडे कोथरूडहून हिंजवडीला किंवा डोंबिवलीहून बीकेसीला जाऊन येणाऱ्याचे, ड्यूटी आणि प्रवास धरून, अकरा-बारा तास सहज मोडतात. अशा घरात दुपारी दार उघडणारं माणूस लागतंच. शेजारच्या काकू असोत, कॉलेजातला मुलगा असो, पैसे घेऊन फिरवणारा असो. कामाच्या मावशींकडून ही अपेक्षा असेल तर त्यांना आधी नीट विचारावं, कुत्र्याची ओळख करून द्यावी आणि या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. भांडी घासता घासता त्यांनी कुत्रंही फिरवून आणावं, हे गृहीत धरणं अन्यायाचं आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडं कडक बोलायला हवं. ‘मोकळी हवा मिळेल’ म्हणून कुत्र्याला बाल्कनीत ठेवून जाणारी घरं आहेत. कुत्र्याला माणसासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही. ते धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड ठेवतं. मुंबईच्या दमट हवेत ती वाफ होणंच अवघड. त्यात पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्या चपट्या नाकांना साधा श्वासही कष्टाचा असतो. दुपारी एकला बाल्कनीत आलेलं ऊन त्यांचा जीव घेऊ शकतं. एसी लावून जाणाऱ्यांनी वीज गेली तर काय, याचाही विचार करावा. सावलीतली खोली, पडदे ओढलेले, गार फरशी आणि दोन ठिकाणी जड भांड्यांत पाणी, कारण एक लवंडलं तरी दुसरं उरावं.

आखूड साखळीला तासन्‌तास बांधून जाणं तर कायद्यालाही मान्य नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतल्या पाठपुराव्यातून आला. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला गेला तो १० ते ५० रुपयांचा. रक्कम किरकोळ, पण फ्लॅट संस्कृतीच्या कितीतरी आधी कोंडलेल्या कुत्र्याचा विचार कुणीतरी केला होता, याचं मला फार मोल वाटतं.

घाबरणाऱ्या कुत्र्याला एकटं राहणं शिकवता येतं, फक्त त्यात घाई चालत नाही. किल्ल्यांचा आवाज, बूट, ऑफिसची बॅग या खुणा त्याला पाठ असतात; धडधड तिथूनच सुरू होते. म्हणून किल्ल्या वाजवायच्या आणि सोफ्यावर येऊन बसायचं. बूट घालायचे आणि चहा टाकायचा. खुणेचा आणि जाण्याचा संबंध तुटला की दाराबाहेर अर्धं मिनिट, मग एक, मग तीन. ते घाबरण्याआधी परत यायचं, हे महत्त्वाचं. ‘ओरडून ओरडून गप्प होईल’ या सल्ल्यानं भीती वाढते. सोबतीला दुसरं कुत्रं आणूनही बहुधा उपयोग होत नाही, कारण ओढ माणसाची असते. त्रास जास्त असेल तर फडताळावरच्या मोबाइलमधला तो व्हिडिओ पशुवैद्यांना दाखवावा. त्यांच्या सल्ल्यानं देण्याची औषधंही आहेत. अमेरिकेत यासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता मिळाली. कुत्र्याला गुंगीत ठेवणं हा त्यांचा हेतू नसतो. भीती उतरून शिकवलेलं डोक्यात शिरावं, यासाठी ती असतात. माणसांच्या गोळ्या मात्र मनानं कधीही देऊ नयेत.

पोकळ रबरी खेळण्यात दही-भात भरून, गोठवून निघताना द्यावा. चाटत बसायला बरा वेळ जातो. पीनट बटर भरायचं असेल तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे डब्यावर वाचावं. माणसाला निर्धोक असलेली ही गोडी कुत्र्याला विषारी आहे.

पिल्लू घरी आणायची वेळ एकटं राहण्याच्या सवयीशी फार जवळून जोडलेली आहे. पुष्कळ घरांत ते मे महिन्यात येतं, कारण मुलांना सुट्टी असते. महिनाभर चोवीस तास कुणी ना कुणी त्याच्याजवळ लोळत असतं. मग जूनमध्ये शाळा उघडतात आणि एका सकाळी अख्खं घर रिकामं होतं. २०२० च्या टाळेबंदीत घरी आलेल्या पिल्लांचं ऑफिसं उघडल्यावर हेच झालं. म्हणून सुट्टीत पिल्लू आणलंत, तर ते रुळल्यावर सुट्टीतच त्याला एकटेपणाची सवय लावायला घ्या. मुलांना रोज थोडा वेळ खाली खेळायला पाठवा, पिल्लाला त्याच्या अंथरुणावर खेळणं देऊन दुसऱ्या खोलीत जा, दार लोटा, दोन मिनिटांनी या. आणि दिवसाचे अकरा तास घर बंदच राहणार असेल, दुपारी यायला कुणी नसेल, तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. निवारा केंद्रांत चार-पाच वर्षांची शांत कुत्री घराची वाट पाहत असतात. तिथल्या माणसांना विचारा, यातलं एकटं राहू शकेल असं कोणतं. त्यांना बहुतेक वेळा ते माहीत असतं. अर्थात अशा कुत्र्यासाठीही दुपारी दार उघडायची सोय आधी करावी लागेलच.