तीनशेचा साडेचारशे : सेलेरॉन ३००ए

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी हे दोन पाहा. ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम टू, घाऊक भाव ६६९ डॉलर. आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, १४९ डॉलर. हौशी लोकांना लवकरच कळलं की हा स्वस्त सेलेरॉन बायोसमधली एक नोंद बदलली की बहुतेक वेळा ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालतो आणि गेममध्ये महागड्या भावंडाच्या बरोबरीला येतो. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायला, आज प्रथमच हात घालणाऱ्यानेही आधी ही जुनी चिप समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची जलद स्मृती, नव्हतीच, त्यामुळे तो रखडायचा. ३००ए मध्ये १२८ केबी कॅशे प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आली आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालू लागली. पेंटियम टूची कॅशे ५१२ केबी होती खरी, पण ती वेगळ्या चिपांवर आणि निम्म्या वेगाची. दोन्ही प्रोसेसर पाव मायक्रॉनच्याच तंत्राने घडवलेले. म्हणजे ३०० हा आकडा सिलिकॉनच्या ताकदीपेक्षा बाजारातल्या गरजेने ठरला होता.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले एक ठरावीक गुणक. ३००ए चा गुणक साडेचारवर कायमचा बंद केलेला, म्हणून वाढवायची ती बस : ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ. खरी शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क यांना जोडणारे मार्गही याच बसच्या तालावर चालत. सावधपणा म्हणून कुणी बस ८३ वर ठेवली, तर त्यांपैकी पीसीआय या मार्गाचा वेग ३३ ऐवजी ४१ च्या वर जाई आणि हार्ड डिस्कवरची माहिती बिघडण्याचा धोका उभा राही. १०० वर मात्र ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड तिनाने भागाकार करून पीसीआयला पुन्हा ३३ वर आणत असे, कारण तो बोर्ड १०० साठीच बनला होता. मोठी उडी छोट्या उडीपेक्षा सुरक्षित ठरली! एक वेग वाढवला की त्याच्यासोबत आणखी काय काय ओढलं जातं, हे पाहणं म्हणजेच सुरक्षितता.

दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. या चिपचं नेमून दिलेलं व्होल्टेज २.० होतं, काही नग त्यावर ४५० गाठत नसत, म्हणून लोक २.२ पर्यंत जात. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग तोच ठेवून नुसतं २.० चं २.२ केलं तरी उष्णता २१ टक्के वाढते. चिपचं आयुष्य खाते ती मुख्यतः ही व्होल्टेजवाढ.

आज बहुतेक रायझन आणि नावात ‘के’ असलेल्या इंटेल प्रोसेसरांचा गुणक उघडा असतो, त्यामुळे बसला हात लावायची गरज नाही. गुणक एकाने वाढवला की साधारण १०० मेगाहर्ट्झ वाढतात. एका वेळी तेवढंच करा. रॅमच्या नोंदी तूर्त तशाच राहू द्या. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडू नका, बरेच बोर्ड गरजेपेक्षा जास्त देतात. विंडोज सुरू झालं म्हणजे जमलं, असं समजू नये. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम काही तास चालवा. उत्तर चुकलं तर तो लगेच पकडतो, आणि अस्थिर प्रोसेसर बऱ्याचदा बंद पडण्याआधी चुकीची उत्तरं देऊ लागतो. चाचणी सुरू असताना तापमानावर नजर हवीच. नागपुरात जानेवारीत टिकलेला वेग मे महिन्यात टिकेलच असं नाही, कारण खोलीचं तापमान थेट चिपच्या तापमानात मिळवलं जातं. संगणक सुरूच झाला नाही, तर मदरबोर्डवरून सीमॉस (बायोसच्या नोंदी जिथे साठतात ती स्मृती) पुसलं की मूळ नोंदी परत येतात.

पन्नास टक्क्यांची ती लूट आता मिळणार नाही. आजचे प्रोसेसर थंडावा मिळेल तितका वेग स्वतःच वाढवून घेतात, उरतं ते थोडं. तरी शिकायचं असेल तर जुना डेस्कटॉप घ्या, माहितीची प्रत आधी बाजूला काढा आणि वॉरंटी जाऊ शकते हे गृहीत धरा. लॅपटॉपवर आणि रोजच्या कामाच्या संगणकावर हा प्रयोग करू नका.