फियाटचं नाक खाली का जातं? (आणि शॉकअप बदलून ते वर का येत नाही)



कोजागिरीच्या रात्री मसाला दुधाच्या पातेल्याभोवती गप्पा चालल्या होत्या आणि विषय कसा कोण जाणे, गावाकडच्या गाड्यांवर गेला. मोजून पाहिलं तर अबकैकमधल्या आपल्या एवढ्याशा मंडळात चार घरं अशी निघाली, ज्यांच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात अजून फियाट उभी आहे. चौघांची तक्रारही एकच, "पुढून बसलीय हो." आमच्या सांगलीच्या गाडीवर आम्ही दोघा भावांनी दोन सुट्ट्या घालवल्या, त्यातली पहिली पूर्ण वाया गेली. ती का वाया गेली आणि दुसरीत काय सापडलं ते लिहून काढा असा आग्रह झाला, म्हणून हा लेख.

फियाट म्हणजे अर्थातच प्रीमियर पद्मिनी. वालचंदांच्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून इटलीची ११०० डी बनवली, १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ मध्ये पद्मिनी. पण आपल्या घरात कोणी तिला पद्मिनी म्हटलेलं आठवतं का? १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगजवळचा गिअर, पुढे कॉईल स्प्रिंगा आणि मागे पाटे. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची फियाट टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा बाजारही त्यांच्याबरोबर आटला. म्हणून आता "बदलून टाकू, नाही जमलं तर परत बदलू" हा जुना हिशोब चालत नाही. आधी नेमकं काय बिघडलंय ते कळायला हवं.

पहिल्या सुट्टीत आम्ही काय केलं? बाबांनी फोनवर सांगितलं होतं की गाडी नाक खाली घालून उभी असते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला पुढून "ठक्" असा आवाज येतो. आम्ही दम्मामहून विमानात बसायच्या आधीच फोनवर ठरवून टाकलं की शॉकअप गेले. मेकॅनिकनेही मान डोलावली. नवे शॉकअप टाकले, गाडी चालायला छान झाली, आम्ही खूश होऊन परत आलो. आठ दिवसांनी बाबांचा फोन, "अरे, नाक तिथंच आहे."

ते तिथंच राहणार होतं! मंडळी, हे एकदा नीट समजून घ्या. तेलाचा शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलते स्प्रिंग. स्प्रिंग एकदा दबली की ती परत परत उसळत राहील, ती उसळी आवरणं एवढंच शॉकअपचं काम. मडगार्डवर जोर देऊन गाडी दाबून सोडली आणि ती एक-दीड हेलकाव्यात थांबली, तर शॉकअप ठीक आहेत. तीन-चार वेळा डोलत राहिली तर बदला. पण उभ्या गाडीच्या उंचीशी त्यांचा संबंध नाही. कारखान्यात गेज पाहिल्याशिवाय व्हॉल्व्हला हात न लावणारे आम्ही दोघं, आणि घरच्या गाडीला साधी टेपसुद्धा लावली नव्हती.

दुसऱ्या सुट्टीत टेपच आधी काढली. अंगणातली सपाट जागा गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासून घेतली. चारही चाकांत हवा सारखी भरली, डिकीतलं सामान काढलं, स्टेपनी जागेवर ठेवली. मग पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडला, म्हणजे अडकलेले सांधे मोकळे होऊन गाडी आपल्या जागी बसते. आणि माप जमिनीपासून घ्यायचं नाही, कारण त्यात टायरची झीज आणि हवा दोन्ही मिसळतात. चाकाच्या बरोबर मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत उभं माप घ्यायचं.

आकडे असे आले : उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिलिमीटर खाली. पण डावी तरी बरोबर आहे हे कशावरून? मिरजेच्या एका ओळखीच्या डॉक्टरांकडे जिवापाड सांभाळलेली फियाट आहे. तिथे जाऊन तिचं माप घेतलं. त्यांच्या मानाने आमची डावी बाजू १४ मिलिमीटर खाली, उजवी ३६. म्हणजे बसली दोन्हीकडे होती, पण उजवीकडे आणखी काहीतरी होतं.

इथे एक फसगत होऊ शकते. गाडी चार पायांच्या खाटेसारखी असते. मागचा एखादा पाटा थकला तरी पुढचा कोपरा तिरका दिसतो. ते तपासायला आम्ही मागच्या डिफरन्शियलच्या बरोबर मध्यावर जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून जेमतेम सुटतील एवढंच उचललं. (पुढच्या चाकांना दगड लावून, आणि गाडीखाली कोणीही न जाता!) आता मागची बाजू एकाच बिंदूवर टेकलेली, त्यामुळे पाट्यांचा तिरकेपणा पुढे पोचत नाही. पुन्हा पुढचं माप घेतलं. फरक २० मिलिमीटर. म्हणजे पाटे जवळजवळ निर्दोष, दुखणं पुढेच. हा फरक नाहीसा झाला असता तर आम्ही पुढचं काही उघडलंच नसतं.

"ठक्" आवाजाचं कारणही सापडलं. खालच्या आर्मच्या वर एक रबरी ठोकळा असतो, चाक फार वर आलं तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून. आमच्या उजव्या ठोकळ्याचं तोंड घासून चकचकीत झालं होतं, म्हणजे तो रोज मार खात होता. पुढच्या टायरची आतली कडही जास्त झिजली होती. गाडी बसली की चाकाचं वरचं टोक आत झुकतं, त्याची ती खूण.

आता उघडायची पाळी. इथे जरा थांबून सांगतो, कारण जिवाशी गाठ आहे. फियाटचं वजन नऊशे किलोच्या आसपास, म्हणजे पुढच्या एका चाकावर सव्वादोनशे. पण स्प्रिंग चाकापाशी नसते, ती आर्मवर आतल्या बाजूला बसते. आम्ही टेप लावून पाहिलं तर साधारण निम्म्यावर. दार बिजागराजवळ ढकलून पाहा, दुप्पट-चौपट जोर लागतो. तसाच स्प्रिंगवर दुप्पट भार, चारशे किलोच्या घरात. तेवढा जोर दाबून धरलेली ती वस्तू आहे. आमच्या मेकॅनिकचा पोरगा दोरी गुंडाळून ती सोडवायला निघाला होता, त्याला हाताला धरून बाजूला केलं. इथे आपण कामाच्या परमिटशिवाय एक नट ढिला करत नाही, साठलेला दाब आधी सोडतो, आणि गावी गेलं की बनियनवर गाडीखाली! गाडी बॉडीखाली भक्कम घोड्यांवर घ्या, खालच्या आर्मखाली जॅक ठेवा, स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प समोरासमोर लावा, मगच आर्म सावकाश खाली सोडा. क्लॅम्प नसतील तर काम पुढे ढकला.

दोन्ही स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी उभ्या केल्या. आणि आम्ही चक्रावलो. दोघींची उंची अगदी सारखी! मग उजवीकडचे जादाचे २२ मिलिमीटर आले कुठून?

स्प्रिंगचं वरचं टोक ज्या पत्र्याच्या बैठकीत बसतं तिथे काळ्या डांबरी कोटिंगचा जाड थर होता. गंज लागू नये म्हणून कधीतरी मारून घेतलेला. स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं तर आवाज "टण्" न येता "भस्" आला. थर खरवडला तर खाली पत्र्याचे पापुद्रे. बैठक आत दबून ११ मिलिमीटर वर सरकली होती. स्प्रिंग आर्मच्या निम्म्यावर, म्हणून वर ११ म्हणजे चाकाशी २२. हिशोब जुळला आणि आमच्या अंगावर काटा आला. कारण फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, तिची बॉडी हाच सांगाडा. आणि त्याच कोपऱ्यावर स्टीअरिंगमागे बाबा बसतात, शेजारी आईला घेऊन गणपतीच्या देवळात आणि बँकेत जातात.

पहिल्या सुट्टीत एकाने सुचवलं होतं की स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे तुकडे घाला, लगेच उचलली जाईल. खरोखरच उचलली गेली असती, माप बरोबर आलं असतं, आणि कुजलेला पत्रा तसाच राहिला असता. तसंही हे रबर वाईटच. जिथे घालाल तो वेढा काम करायचा थांबतो, त्याचा वाटा बाकीच्या वेढ्यांवर पडतो आणि स्प्रिंग भलतीकडेच तुटते. दुसरा उपाय सांगतात तो गॅसच्या ज्योतीने तापवून ताणायचा. असं एका ठिकाणी तापवलं की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, काही महिन्यांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. पाटे काढून पुन्हा कमान देणारे चांगले कारागीर आहेत, पण कॉईलचं ते काम घरगुती नाही.

स्प्रिंग बसते म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. ती नरम होत नाही, कायमची थोडी आखूड होते. आमच्या दोन्ही ७ मिलिमीटरने आखूड झाल्या होत्या, म्हणून चाकाशी १४. नुसतं एवढंच असेल आणि नवीन मिळत नसेल तर बैठकीत स्प्रिंगच्या मापाचं ५-७ मिलिमीटरचं गोल पॅकिंग घालणं आम्हाला गैर वाटत नाही, मात्र दोन्ही बाजूंना सारखं. पण तारेला गंजाचे खड्डे पडले असतील तर विचारच करू नका. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर असतो. १२ मिलिमीटरची तार झिजून ११ झाली तर ताठपणा तीस टक्क्यांनी जातो, आणि तुटण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

आमच्या तारेला खड्डे होते. जोडी मिळवायला पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊस पालथं घातलं, शेवटी जुन्या साठ्यातली एक जोडी मिळाली. घेताना दोन्हींची उंची, तारेची जाडी आणि वेढे दुकानातच मोजा. डिझेल फियाटचं इंजिन जड, तिच्या स्प्रिंगा "त्याच आहेत हो" म्हणून गळ्यात मारल्या तर आपल्या पेट्रोल गाडीचं नाक आकाशाकडे जाईल.

बैठकीचं काम एका वयस्क डेंटरने केलं. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा ठोकून आकाराला आणला आणि डावीकडचं माप पाहून जोडला. गंजावर वरून पत्रा मारू देऊ नका, आतला गंज चालूच राहतो. डावी बाजूही खरवडून पाहिली. सुदैवाने धड होती. आर्मचे रबरी बुशही त्याच वेळी बदलले. एक बारकावा असा, की या बुशचे नट गाडी घोड्यांवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीला आल्यावर आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

ज्यांच्या घरी अँबेसिडर आहे त्यांनी यातलं बरंच सोडून द्यावं. तिला पुढे कॉईल नाही, पिळाचा दांडा आहे, आणि त्याचं टोक फिरवून उंची लावता येते. मापं घेण्याची आणि गंज टोचून पाहण्याची पद्धत मात्र तीच.

परत यायच्या आधी गाडी वर्षभर उभी ठेवायची असेल, तर घोड्या बॉडीखाली न लावता पुढे खालच्या आर्मखाली आणि मागे अॅक्सलखाली लावा. टायर मोकळे राहतात, आणि स्प्रिंगा-बुश नेहमीच्या जागीच राहतात, लोंबकळत नाहीत. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण लागतं. ती तारीख सुट्टीत येत असेल तर हे काम त्याआधी उरका.

नव्या स्प्रिंगा टाकल्यावर दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी फिरवली, मगच अलाइनमेंट केलं, कारण नवी स्प्रिंग थोडी बसतेच. शेवटचं माप : डावी-उजवीत ३ मिलिमीटरचा फरक, मिरजेच्या गाडीपेक्षा दोन्ही किंचित वर. त्या रात्री बाबा एकटेच एक चक्कर मारून आले आणि दारातूनच म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण दिवे झाडांच्या शेंड्यावर पडतायत." नाक वर आलं की हेडलाईटही वर जातात, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर गाडी लावून तेही खाली केले.

कोणाला सुट्टीवर जाताना स्प्रिंगचे क्लॅम्प हवे असतील तर शुक्रवारी भेटीत सांगा. आमच्याकडे आहेत.