भिंतीपलीकडचं गाणं

मुलांनो, सानगडीतलं एखादं जुनं मातीचं घर डोळ्यांपुढे आणा. गाणी आतल्या खोलीत, कॉम्प्युटरमध्ये. आजी मात्र बाहेर सपरीत तांदूळ निवडत बसलेली. वायर न ओढता तिला भजन कसं ऐकवायचं?

२००४ साली अ‍ॅपल कंपनीने 'एअरपोर्ट एक्स्प्रेस' हा तळहाताएवढा राऊटर काढला. वजन जेमतेम १९० ग्रॅम! तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि स्पीकरची वायर त्याला जोडायची. कॉम्प्युटर गाण्याचे आकडे रेडिओलहरींवर सोडतो, राऊटर त्यांचा पुन्हा आवाज करतो. २०१८ मध्ये ही डबी बंद झाली, पण आजचे वाय-फाय स्पीकर हीच युक्ती वापरतात. आणि गंमत अशी, की गाणी घरातच साठवलेली असली तर इंटरनेट लागतच नाही. नेटपॅक संपला तरी आजीचं भजन चालू!

पण लहरी भिंतीतून जातात का? जातात की! जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याला भिंतीपलीकडची घंटा अशाच अदृश्य लहरींनी वाजवून दाखवली होती. मात्र मातीच्या जाड भिंतीत लहरी दमतात, लोखंडी कपाटावर आपटून मागे फिरतात आणि पाणी तर त्यांना पिऊनच टाकतं. म्हणून राऊटर कपाटामागे किंवा पाण्याच्या पिंपाजवळ नको. सपरीच्या दारासमोर, जरा उंचावर लावा. तरी गाणं अडखळलं, तर आधी दार उघडून बघा.